वहीतले नाव आणि शेतातली लोंबी



ऑक्टोबर हा जपमाळेचा आणि मिशनकार्याचा महिना. पोप अकरावे पायस ह्यांनी १९२६ साली ठरवून दिल्याप्रमाणे ह्या महिन्यातील शेवटून दुसरा रविवार सारी ख्रिस्तसभा मिशन रविवार म्हणून पाळते. मिशनरी म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक चित्र उभे राहते: वाढलेली दाढी, पांढरा झगा, खांद्याला पिशवी, डोंगर चढणारा किंवा होडीतून नदी ओलांडणारा कोणी एक माणूस. टेबलाशी बसून पावती फाडणारा, दाखल्यावर शिक्का मारणारा, जुन्या वहीची पाने उलटणारा माणूस मिशनरी म्हणून मनात येत नाही. आम्हालाही येत नसे. सेमिनरीत असताना आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, प्रवचने लिहायला शिकलो. धर्मगुरूच्या आयुष्यातले इतके तास कार्यालयात जातात, हे मात्र धर्मग्रामात आल्यावरच कळले. ह्या लेखात आपण त्या कार्यालयाविषयी आणि गेल्या वर्षीच्या आपल्या एका दिवसाच्या सहलीविषयी विचार करू. दोन्हींचा संबंध काय, ते वाचताना ध्यानात येईल.

लेखणी धरणारे प्रेषित

संत पौलाचे रोमकरांस पत्र आपण सर्वांनी ऐकले आहे. ते पौलाने सांगितले, पण कागदावर उतरवले दुसऱ्याच कोणी. शेवटच्या अध्यायात (रोम १६:२२) तर्तियस नावाचा लेखनिक एका वाक्यापुरता पुढे येतो, आपला नमस्कार कळवतो आणि पुन्हा दिसेनासा होतो. त्याच अध्यायाच्या आरंभी फिबी ह्या सेविकेची शिफारस आहे. पत्र रोमला तिनेच नेले असावे असे अभ्यासक मानतात. मध्ये आहेत ती नावेच नावे. हा अध्याय वाचनात आला की आपल्याला कंटाळा येतो. पण पौलाला तो कंटाळवाणा वाटला नाही. ज्यांना शुभवर्तमान सांगायचे त्यांची नावे त्याला ठाऊक होती.

संत इग्नेशियस लोयोला ह्यांनी येशूसंघ स्थापन केल्यावर १५५६ साली मृत्यू येईपर्यंतचा बहुतेक काळ रोममध्ये टेबलाशी काढला. त्यांची जवळजवळ सात हजार पत्रे आज उपलब्ध आहेत. १५४७ साली त्यांनी हुआन दे पोलांको ह्यांना संघाचे सचिव नेमले, आणि पोलांको ह्यांनी पत्रे कशी लिहावीत, कशी पाठवावीत ह्याचे नियमच घालून दिले. ज्या संत फ्रान्सिस झेवियरचे आपण मोठ्या प्रवासांसाठी स्मरण करतो, जे आपल्या शेजारच्या वसईतही येऊन गेले, ते ह्या पत्रांची आतुरतेने वाट पाहत. मे १५४६ मध्ये दूरच्या अंबोन बेटावरून त्यांनी युरोपातील आपल्या बंधूंना कळवले, की तुमच्या पत्रांवरील तुमच्या हातच्या सह्या मी कापून घेतल्या आहेत आणि त्या सदैव जवळ बाळगतो. हजारो मैलांवर, अनोळखी भाषेच्या मुलखात त्या संताला धीर देत होती ती कागदाच्या कपट्यांवरची काही नावे.

आणखी एक उदाहरण हिशेबाच्या वहीचे. फ्रान्समधील लिओं शहरातल्या पोलीन जारिको ह्या तरुणीने दहा-दहा जणांचे गट केले. प्रत्येकाने आठवड्याला एक लहान नाणे द्यायचे आणि प्रार्थना करायची. गटप्रमुखाने ते जमा करायचे. त्यातून १८२२ साली श्रद्धाप्रसार संस्था उभी राहिली आणि जगभरच्या मिशनांना आधार मिळाला. जारिको ह्यांना २२ मे २०२२ रोजी लिओं येथे धन्यवादित म्हणून घोषित करण्यात आले. मिशन रविवारी आपण जे दान देतो त्याचे मूळ तिथे आहे. मिशनकार्य उत्साहावर सुरू होत असेल, पण ते टिकते नोंदींवर.

वह्या कशासाठी?

धर्मग्रामाच्या वह्या ही कोणा एका धर्मगुरूची हौस नव्हे. ट्रेंट धर्मपरिषदेने १५६३ साली असा आदेश दिला, की प्रत्येक प्रमुख धर्मगुरूने लग्नाची वही ठेवावी. तीत वधूवरांची व साक्षीदारांची नावे, दिवस आणि ठिकाण लिहावे. त्याचे कारण फार माणुसकीचे होते. गुपचूप लग्न करून नंतर नाकबूल होणारे पुरुष होते, आणि त्यात सोडलेल्या स्त्रीपाशी काहीच पुरावा नसे. स्नानसंस्काराच्या वहीत धर्ममाता-धर्मपिता ह्यांची नावे लिहिण्याचाही आदेश तेव्हाच झाला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथात पाच वह्यांचा नमुना दिला गेला: स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह, मृत्यू, आणि पाचवी घरोघरच्या माणसांची.

आजच्या धर्मसभेच्या कायद्यात (कलम ५३५ व ८७७) हीच शिस्त आहे. तुमच्या स्नानसंस्काराच्या नोंदीत तुमचे नाव, आईवडील, धर्ममाता-धर्मपिता, संस्कार देणारा धर्मगुरू, ठिकाण, तारीख, जन्माचा दिवस आणि जन्मस्थळ हे सर्व असते. पुढे दृढीकरण झाले, लग्न झाले, कोणी धर्मगुरू झाला किंवा कोणी धर्मभगिनीने अखेरची व्रते घेतली, तर ते त्याच नोंदीच्या बाजूला लिहिले जाते. तुम्ही कुठेही राहायला जा, तुमच्या ख्रिस्ती जीवनाची वार्ता त्या पहिल्या पानाकडे परत येते.

आता इंद्रलोकचा विचार करा. २०११ च्या जनगणनेत मिरा-भाईंदरची लोकसंख्या ८ लाखांवर होती, आणि त्यातले बहुसंख्य लोक कुठून तरी आलेले. आपल्या धर्मग्रामात वसईचे आहेत, गोव्याचे आहेत, मंगळूर, केरळ, तामिळनाडूचे आहेत. मुंबईतली लहान खोली विकून इथे थोडी मोठी जागा घेतलेले आहेत. म्हणजे आपल्यापैकी कितीतरी जणांचे ते पहिले पान दुसऱ्याच कुठल्या तरी गावच्या कपाटात आहे. म्हणूनच आपल्या कार्यालयात दर आठवड्याला कोणी ना कोणी येऊन म्हणते, "फादर, सर्टिफिकेट कुठून आणू?"

आमची एक चूक

ही हकीकत त्या कुटुंबाची परवानगी घेऊन, ओळख न देता सांगत आहोत.

चाळिशीतल्या एक भगिनी कार्यालयात आल्या. लहानपणीच आई गेली, वडील कामासाठी गाव सोडून निघाले, मामाकडे वाढल्या. लग्न नोंदणी कार्यालयात झालेले, पतीही कॅथलिक. त्यांना चर्चमध्ये लग्नविधी करून घ्यायचा होता. वीस वर्षे त्या शेवटच्या बाकावर बसत आणि कम्युनियनच्या वेळी जागच्या जागी उभ्या राहत. आता पतीचे डायलिसिस सुरू झाले होते. "काही व्हायच्या आत एकदा दोघांनी मिळून प्रसाद घ्यावा, एवढंच आहे, फादर," त्या म्हणाल्या.

आम्ही स्नानसंस्काराचा दाखला मागितला. त्यांनी गावाचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख दिली: १ जून १९८५. आम्ही त्या गावच्या धर्मगुरूंना लिहिले, की जून १९८५ पासून पुढे शोधावे. नोंद नसल्याचे उत्तर आले. पुढच्या दोन वर्षांतही नव्हती. त्या तीनदा आल्या, आणि तिन्ही वेळा आम्ही सांगितले, की दाखल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आमचा आवाज चढला नव्हता, आम्ही नियमही बरोबरच सांगत होतो असे आम्हाला वाटत होते. चौथ्यांदा त्या आल्या नाहीत. रविवारी शेवटच्या बाकावरही दिसेनात.

त्याच सुमारास आमच्या हाती सेमिनरीतले एक जुने टिपण लागले. गेब्रिएल मार्सेल ह्या फ्रेंच तत्त्वज्ञावरचे. पहिल्या महायुद्धात प्रकृतीमुळे त्यांना आघाडीवर पाठवले नाही. रेड क्रॉसच्या कार्यालयात बेपत्ता सैनिकांचा शोध घेण्याचे काम त्यांच्याकडे होते. एका सैनिकाचे एक कार्ड: नाव, पलटण, शेवटचे कुठे दिसला. दिवसभर आया, बायका, बहिणी येत आणि विचारत. मार्सेल ह्यांनी पुढे सांगितले, की त्या कामात प्रत्येक कार्ड त्यांना माणसाची हाक वाटू लागले. माणूस हा सोडवायचा प्रश्न नाही, तो सामोरे जाण्याचे गूढ आहे, हा त्यांचा पुढचा सारा विचार घडण्यात त्या कार्यालयाचा मोठा वाटा होता. १९२९ साली ते कॅथलिक झाले.

परीक्षेत आम्ही ह्यावर चांगले उत्तर लिहिले होते. कार्यालयात मात्र आमच्यासमोर भगिनी बसल्या होत्या आणि आम्ही कार्डाकडे पाहत होतो. धर्मसभेच्या कायद्यात कलम ८७६ आहे. कोणाच्या हक्काला बाधा येत नसेल तर स्नानसंस्कार झाल्याचे सिद्ध करायला एका विश्वासार्ह साक्षीदाराचे निवेदन पुरते. हे आम्हाला माहीत होते. आम्ही त्यांना एकदाही विचारले नव्हते, की बाई, तुमच्या स्नानसंस्काराला हजर असलेले कोणी हयात आहे का?

आम्ही त्यांच्या घरी गेलो, क्षमा मागितली आणि विचारले. त्या म्हणाल्या, "माझी धर्ममाता आहे ना. उत्तनच्या बाजूला असते. आता फिरता येत नाही तिला."

एका दिवसाची सहल

दृढीकरणाच्या वर्गाची सहल २ ऑक्टोबरला ठरलेलीच होती. कोणी वॉटर पार्क सुचवला होता. आम्ही ती उत्तनकडे वळवली आणि ह्या भगिनींना सोबत घेतले.

भाईंदर पश्चिमेला गेलो, की मुर्धे, राई, मोर्वे अशी गावे लागतात. एका बाजूला मिठागरे, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरे. पुढे डोंगरी आणि मग समुद्राकाठी उत्तन. आपल्या इमारतींपासून तासाभराच्या आत हे सारे आहे, आणि वर्गातली निम्म्याहून अधिक मुले तिथे कधी गेली नव्हती. डोंगरीला बेथलेहेम माउलीच्या चर्चमध्ये प्रार्थना केली. शेताच्या बांधावर एका मुलाने लोंबी सोलून दाणा दाताखाली धरला आणि ओरडला, "फादर, हा तर तांदूळच!" उत्तनला बांबूच्या मांडवांवर बोंबील सुकत होते, नाक धरणाऱ्या मुलींना तिथल्या एका कोळीण मावशींनी हसत हसत चांगलेच सुनावले.

गावच्या लोकांनी मुलांना विहीर दाखवली. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत बायका इथे येतात आणि नवरा-नवरीच्या अंघोळीसाठी पाणी नेतात. त्याला उंबराचे पाणी म्हणतात. वाटेवरचे क्रूस दाखवले. मुंबई परिसरातील असे कितीतरी क्रूस १८९६ नंतरच्या प्लेगच्या साथीत उभारले गेले. उत्तर कोकणातले हे ख्रिस्ती १८८७ पासून स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात. नाव इंग्रजी असले तरी घरातली बोली मराठी, आणि त्यांच्या चालीरीती ह्या मातीतल्या.

आणि सगळीकडे आगेऱ्याची तयारी चालली होती. आगेरा म्हणजे नव्या पिकाचा सण. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताच्या पहिल्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणतात, त्यांना आशीर्वाद दिला जातो आणि लोक त्या घरी नेऊन जपून ठेवतात.

दुपारी आम्ही त्या धर्ममातेच्या घरी गेलो. ओटीवर खाटेवर बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढचे वय, डोळ्यांना कमी दिसते. भगिनींनी नाव सांगितले तशी त्यांनी हात धरून जवळ बसवले. आम्ही साक्ष लिहून घ्यायला कागद काढला आणि विचारले, "आजी, हिचा स्नानसंस्कार कधी झाला, आठवतं का?"

"आठवत नाय कसं, फादर? आगेरा झाला, त्याच्या पुढच्या आयतवारी. लोंब्या तशाच होत्या देवळात. ही बाय एवढीशी, दीड महिन्याची. आणि मग पंधरा-वीस दिवसांनी इंदिरा गांधी गेल्या."

इंदिरा गांधींची हत्या ३१ ऑक्टोबर १९८४ ची. त्या महिन्यातला पहिला रविवार ७ तारखेला होता. पुढचा १४ ला. आम्ही शोधत होतो जून १९८५ नंतर. शाळेत घालताना मामाने जन्मतारीख अंदाजाने सांगितली असणार. १ जून ही तारीख आपल्याकडे किती जणांच्या दाखल्यावर असते, हे तुम्हाला ठाऊक आहेच! आम्ही त्या तारखेवर विसंबलो.

दुसऱ्या दिवशी फोन केला. दहा मिनिटांत नोंद सापडली: १४ ऑक्टोबर १९८४. धर्ममातेचे नावही तिथेच होते. वही बरोबर होती, लिहिणाऱ्या धर्मगुरूंचा हातही बरोबर होता. आम्हीच चुकीचे पान उघडत होतो. योग्य पान सांगितले ते लोंब्यांनी.

परंपरा ही न लिहिलेली वही

इस्राएल लोकांना मोशेने एक विधी सांगितला आहे (अनुवाद २६). पिकाचा पहिला भाग टोपलीत घालून वेदीपाशी आणायचा, आणि तो ठेवताना आपल्या पूर्वजांची कथा तोंडाने सांगायची: आम्ही भटके होतो, गुलाम होतो, देवाने आम्हाला बाहेर काढले आणि ही भूमी दिली. म्हणजे धान्य आणि आठवण ही एकाच टोपलीत अर्पण केली जातात. आपल्या आगेऱ्यात नेमके हेच आहे.

हे जगभर आहे. दूरच्या हंगेरी देशात २० ऑगस्टला पहिला राजा संत स्टीफन ह्याचा सण असतो, आणि त्या दिवशी नव्या गव्हाच्या पावाला आशीर्वाद देतात. १९४९ साली तिथल्या कम्युनिस्ट राजवटीने त्याच तारखेला नवे संविधान लागू केले आणि दिवसाचे नाव संविधान दिन केले. राजाचे नाव कागदावरून गेले, पण नवा पाव राहिला. १९९१ साली हंगेरीच्या संसदेने २० ऑगस्टला पुन्हा संत स्टीफनचा दिवस म्हणून देशाच्या मुख्य सणाचे स्थान दिले. कागदावरचे नाव बदलले तरी नवा पाव चाळीस वर्षे लोकांच्या ताटात राहिला होता.

पण म्हणून कागद कमी मोलाचा असे समजू नका. त्या आजी आणखी पाच वर्षांनी असतील का? त्यांच्यानंतर ती आठवण कोण सांगणार होते? आजींची आठवण वहीपर्यंत पोचली म्हणून ती आता पुसली जाणार नाही. आणि वहीला आजी भेटल्या म्हणून ती उघडली गेली. ख्रिस्तसभेला दोन्ही हवेत. माणसे विसरलेली वही नुसती रद्दी होते, आणि लिहून न ठेवलेली परंपरा एका पिढीत संपते.

त्या भगिनींचा लग्नविधी डिसेंबरात एका गुरुवारी संध्याकाळी, दोन साक्षीदारांसमोर झाला. पतीचे डायलिसिस चालूच आहे. दोघे आता मधल्या बाकावर बसतात आणि कम्युनियनला एकामागे एक येतात. त्यांच्या विवाहाची वार्ता आम्ही त्या गावी पाठवली. १९८४ च्या त्या नोंदीच्या बाजूला ती आता लिहिली गेली आहे.

आपण काय करू शकतो?

पहिले, घरातल्या प्रत्येकाच्या स्नानसंस्काराचे ठिकाण, तारीख आणि धर्ममाता-धर्मपित्यांची नावे एका वहीत लिहून ठेवा. घरात वडीलधारे असतील तर आजच त्यांच्याशेजारी बसा.

दुसरे, मुलांना वर्षातून एकदा तरी आपल्या मूळ गावी न्या. विहीर, शेत, चर्च, दफनभूमी दाखवा. गाव उरले नसेल तर उत्तन-डोंगरी आपल्या जवळच आहे.

तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे: एखाद्या कागदापायी कोणी शेवटच्या बाकावर अडकले असेल, तर त्यांना सांगा की कार्यालयात या. एकदा नकार मिळाला असेल तरी या. चूक आमचीही असू शकते.

बहात्तर शिष्य मिशनवरून आनंदाने परतले, तेव्हा प्रभूने त्यांना सांगितले, की तुमच्या पराक्रमाचा नव्हे, तर तुमची नावे स्वर्गात लिहिली आहेत ह्याचा आनंद माना (लूक १०:२० पाहा). प्रभूच्या त्या वहीत चुकीचे पान उघडले जात नाही. आपल्या कपाटातल्या वह्या त्या वहीच्या लहानशा नकला आहेत. त्या आपण प्रेमाने लिहाव्यात, आणि ज्यांची नावे त्यांत आहेत त्यांना शोधत जावे.

कुटुंबात किंवा समूहात चर्चेसाठी

१. आपल्या धर्ममाता-धर्मपित्यांशी आपले आज काय नाते आहे? ते हयात असतील तर शेवटची भेट कधी झाली?

२. आपल्या घरी जपलेली अशी कोणती रीत आहे, की जिचा अर्थ मुलांना कधी सांगितला नाही?

३. आपल्या इमारतीत चर्चपासून दूर राहिलेले कोणी आहे का? त्यामागे एखादी साधी, सुटण्याजोगी अडचण असेल का?

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

— आपले धर्मगुरू